ब्राइट एंजल वाटेने ग्रँड कॅन्यनमध्ये उतरताना

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून दरीत उतरणारी ब्राइट एंजल ही वाट रुंद, आखीव आणि सतत वर्दळीची आहे. तिच्या या रूपामुळेच ती सोपी वाटते. सह्याद्रीत चालणाऱ्याने तिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी एक फरक मनात पक्का करावा. गडावर जाताना चढ आधी येतो, आणि दमलेला माणूस अर्ध्यातून परतला तरी पुढे उतारच असतो. इथे सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार संपतो. दम संपल्याचे लक्षात येते तेव्हा सगळा चढ डोक्यावर उभा असतो आणि ऊनही तापलेले असते. म्हणून परतीची जागा व वेळ कड्यावर असतानाच ठरवावी आणि खाली गेल्यावर ती बदलू नये.

वाटेची सुरुवात सुमारे २,०९० मीटर उंचीवर होते. सुरुवातीपासून दीड मैलावर (२.४ किलोमीटर) पहिले विश्रामस्थळ लागते, तिथवर ३४० मीटरचा उतार आहे. तीन मैलांवरचे (४.८ किलोमीटर) दुसरे विश्रामस्थळ ६४५ मीटर खाली आहे, तर साडेचार मैलांवरचे (७.२ किलोमीटर) हावासुपाई गार्डन्स हे झऱ्याकाठचे ठिकाण ९२५ मीटर खाली. पहिल्या खेपेला तीन मैलांच्या विश्रामस्थळावरून परतणे मला सर्वांत योग्य वाटते: दरीची खोली अंगावर येते आणि जाऊन-येऊन चार ते सहा तासांत चाल आटोपते. नियमित चालणाऱ्यांनी, थंडीच्या किंवा सौम्य ऋतूत, हावासुपाई गार्डन्सचा विचार करावा. एका दिवसात दरीच्या तळाशी वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन परतण्याचा प्रयत्न मात्र करूच नये. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारीही, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात, त्याविरुद्ध स्पष्ट इशारा देतात. दिवसभराच्या चालीसाठी वेगळा परवाना लागत नाही, दरीत मुक्काम करायचा असल्यास तो आधी मिळवावा लागतो.

वेळेचा हिशेब असा धरावा, की एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग उतरण्यासाठी आणि दोन तृतीयांश चढण्यासाठी. उतरायला दीड तास लागला, तर वर यायला तीन तास लागतील असे समजावे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालू नये, हा उद्यानाचा सल्ला आहे. तेव्हा उजाडण्याच्या सुमारास निघून दहाच्या आत वर यावे, आणि तेवढ्यात बसेल इतकेच अंतर निवडावे. युटा राज्याकडून येणाऱ्यांनी घड्याळ तपासून घ्यावे, कारण उन्हाळ्यात युटामध्ये घड्याळे एक तास पुढे असतात आणि इथे नसतात. चालण्यासाठी वसंत व शरद हे ऋतू उत्तम. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथेही मान्सून असतो, पण तो आपल्यासारखा संततधार नसतो. दुपारी अचानक गडगडाटी वादळे उठतात, कड्यावर विजा पडतात आणि कोरड्या घळींतून लोंढे येतात. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या, सावलीतल्या भागावर बर्फ गोठून काचेसारखा होतो, तेव्हा बुटांना खालून लावायचे काटे सोबत असलेच पाहिजेत.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. दोन्ही विश्रामस्थळांवर नळ आहेत, पण ते हिवाळ्यात बंद असतात. हावासुपाई गार्डन्सला एरवी वर्षभर पाणी मिळते. मात्र दरीतून येणारी जलवाहिनी १९६०च्या दशकात बांधायला घेतलेली, जुनी आहे आणि ती वारंवार फुटते. त्यामुळे निघण्याच्या दिवशी उद्यानाच्या माहिती केंद्रात नळांची व वाटेची स्थिती विचारावी, आणि नळ मिळणारच नाही असे धरून पाणी घ्यावे. कोरड्या हवेत घाम फुटताक्षणी वाळतो, म्हणून शरीरातून किती पाणी गेले हे जाणवत नाही. पण नुसतेच पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. घामावाटे मीठ गेलेले असताना पोटात केवळ पाणी जात राहिले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपणा ही लक्षणे दिसतात आणि माणूस दगावूही शकतो. खारे शेंगदाणे, भडंग, चिवडा, ओआरएसची पाकिटे हा आपला नेहमीचा शिधा इथे अगदी योग्य ठरतो. प्रत्येक विसाव्याला थोडे खारे खावे आणि तहान लागेल तसे पाणी प्यावे.

खाली जाताना उष्णता वाढत जाते. नदीकाठी तापमान कड्यापेक्षा दहा-पंधरा अंश सेल्सिअसने अधिक असू शकते आणि उन्हाळ्यात तिथे चाळिशी सहज ओलांडली जाते. रुंद काठाची टोपी आणि सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा घालावा. उन्हाळ्यात पाणी मिळेल तिथे सदरा आणि टोपी भिजवून घ्यावी. (हिवाळ्यात मात्र ओला सुती कपडा अंगावर ठेवणे घातक असते.)

वाट इथूनच का उतरते, हे समजले तर चालण्याची गोडी वाढते. दरीचे कडे बहुतेक ठिकाणी उभे आणि अखंड आहेत. पण इथे ब्राइट एंजल भ्रंशामुळे, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेमुळे, खडक तुटले, सरकले आणि उतरण्याजोगा मार्ग तयार झाला. हावासुपाई हे इथले आदिवासी लोक त्याच मार्गाने ये-जा करत असत. खालच्या झऱ्याकाठी त्यांची शेती होती. तिथून त्यांना उद्यानाने हुसकावले, आणि त्यांच्या मागणीनंतर २०२२ साली त्या जागेला त्यांचे नाव मिळाले. वाटेवरच्या पहिल्या बोगद्याजवळ थांबून वरच्या खडकाकडे पाहिले, तर जुनी लाल चित्रे दिसतात.

आपल्याकडे काळ्या बेसॉल्टचे थर पाहायची सवय असते, इथे मात्र प्रत्येक टप्प्यावर खडकाचा रंग आणि पोत पालटतो. वर फिकट चुनखडक. त्याखाली पिवळसर वालुकाश्म, ज्यात प्राचीन वाळवंटातील टेकड्यांचे तिरपे थर स्पष्ट दिसतात. मग लाल शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पातळ थरांचा खडक) आणि लाल वालुकाश्म. तीन मैलांच्या विश्रामस्थळापुढे रेडवॉल हा प्रचंड कडा येतो. तो चुनखडक मुळात करडा आहे. वरच्या थरांतून वाहून आलेल्या लोहाच्या गंजाने तो लाल झाला आहे. हे सारे उतरताना सावकाश पाहावे, कारण चढताना नजर पायांखालीच राहते.

वाटेवर खेचरांचे तांडे येतात. ते दिसताच दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला उभे राहावे, चालकाच्या सूचना ऐकाव्यात, हालचाल व बोलणे थांबवावे आणि शेवटचे खेचर पन्नास फूट पुढे गेल्यावरच चालू लागावे. चढून येणाऱ्या माणसालाही आधी वाट द्यावी. खारींना काहीही खाऊ घालू नये. त्या धीट आहेत आणि चावतात.

परतीच्या चढावर वेग इतका ठेवावा, की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल. धाप लागली तर वेग कमी करावा आणि ठरावीक अंतराने सावलीत बसून पाय किंचित उंच ठेवावेत. शेवटचा दीड मैल सर्वांत जड जातो. पहिले विश्रामस्थळही कळसूबाईच्या १,६४६ मीटर माथ्याहून उंच आहे, म्हणजे तिथून वरचा सगळा चढ विरळ हवेत आणि थकलेल्या पायांनी चढायचा असतो. गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. कुणाला चक्कर, उलटी किंवा बोलण्यात विसंगती दिसली, तर वर पोहोचण्याची घाई सोडून त्याला सावलीत बसवावे, कपडे भिजवावेत आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांकरवी वनरक्षकांना निरोप पाठवावा, कारण दरीत मोबाइलचा भरवसा नसतो.