खाली वाकून बघा: डेट्रॉइटला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

संक्रांतीला मी मिशिगनहून सोलापूरला आले की सात रस्त्याच्या आमच्या घरी दोन-तीन मुलं येतातच. कुणाचा व्हिसा झालेला असतो, कुणाचा व्हायचा असतो, आणि बरोबर आई असते. परवा जुळे सोलापूरचा एक जण आला. मार्चमध्ये डेट्रॉइटजवळ नोकरीवर हजर व्हायचंय. राहायचं कुठं, थंडीचा कोट कुठला घ्यायचा, यातलं काही विचारलं नाही. मोबाइल पुढं करून म्हणाला, "ताई, ही गाडी घेणार." होंडा सिव्हिक एसआय, लाल, सेकंडहँड. आईनं बशी खाली ठेवून विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

दोघांचंही चुकलं नव्हतं. पण जो प्रश्न त्या दोघांनी विचारला नाही, तो २००८ साली मीही विचारला नव्हता आणि माझे ७,८०० डॉलर त्यात गेले. म्हणून लिहायला बसले.

डेट्रॉइट मिशिगन राज्यात येतं, तेव्हा लायसन्स मिशिगनचं काढा, लगेच काढा. डाव्या बाजूला बसून चालवायची सवय चार दिवसांत होते. वळायचं म्हणून वायपर सुरू करणं मात्र महिनाभर चालतं, त्याची लाज बाळगू नका.

तिथं पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तुम्हाला दोन प्रकारची मराठी माणसं भेटतील. पहिली म्हणतील, "कोरोला घे, डोळे मिटून घे." सल्ला वाईट नाही, पण त्यातलं डोळे मिटणं वाईट आहे. दुसरी माणसं वर्षाच्या आत जर्मन गाडी लीजवर घेतात, तिच्यापुढं उभं राहून गावाकडच्या ग्रुपवर फोटो टाकतात आणि हप्त्याचं विचारलं की मुलांच्या शाळेवर बोलायला लागतात. मी दोन्हीत बसत नाही. मी होटगी रोडवर बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकले, जिचा गिअर स्टिअरिंगलाच असायचा. मला गाडी चालवायला आवडते. माझ्या नवऱ्याला नाही आवडत, त्यामुळं घरात भांडण नाही. तुम्हालाही आवडत असेल तर छोटी स्पोर्ट सेडान जरूर घ्या. पोटाला चिमटा काढून फोटोसाठी घेऊ नका, एवढंच.

स्पोर्ट सेडान म्हणजे रेसची गाडी नव्हे. साधीच चार दारांची गाडी, पण इंजिन तगडं, सस्पेन्शन कडक, ब्रेक मोठे आणि सीट अंगाला धरून ठेवणारी. एसआय २०२२ पासूनच्या रूपात २०० हॉर्सपॉवरची आहे आणि फक्त हाताच्या गिअरमध्ये मिळते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण रूममेट ऑटोमॅटिकवर शिकलेला असेल तर आजारपणात तुम्हाला दवाखान्यात नेणारा कुणी नाही, हे लक्षात ठेवा. २०२१ सालची एसआय कुणी विकत असेल तर कागद नीट बघा, त्या वर्षी ते मॉडेल आलंच नव्हतं. फोक्सवॅगन जेट्टा जीएलआय २२८ हॉर्सपॉवरची. ती मला सगळ्यांत समंजस वाटते, आईवडील आले तरी त्यांची कंबर धरत नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्स २०२२ पासून २७१ची, चारही चाकांना ताकद, बर्फात बिनघोर. ह्युंदाई एलांट्रा एन २७६ची आणि तिचा सायलेन्सर शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. बीएमडब्ल्यू ३३०आय २५५ची. ती सेकंडहँड स्वस्तात मिळते, तिचे पार्ट मात्र नव्या गाडीच्याच भावात येतात.

ॲव्हरेजबद्दल त्या माउलीला मी सांगितलं की तिथं ते मैलांत आणि गॅलनमध्ये मोजतात, मैल १.६ किलोमीटरचा आणि गॅलन पावणेचार लिटरचा, त्यामुळं ३० आकडा ऐकून हरखू नका, ते आपल्याकडचे पावणेतेरा होतात. तिथल्या पंपावर पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ८७ लिहिलेला बघून ते हलकं समजू नका. त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यांचं ८७ आपल्या ९१च्या जवळपास जातं. यातल्या सगळ्याच गाड्या टर्बो आहेत, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलून ताकद वाढवणाऱ्या. त्यांना कुठलं पेट्रोल लागतं ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट, तो न विचारलेला प्रश्न: गाडी खालून कशी आहे?

२००८चा फेब्रुवारी. संध्याकाळचे सहा, अंधार पडत आलेला, गाडीवर बर्फ. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीचा दोष नव्हताच. विकणारे गृहस्थ वयस्कर, गोड बोलणारे, एकाच हातची गाडी, सगळी बिलं फायलीत लावलेली. मी बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला, पत्र्यावरून हात फिरवला, आतली सीट बघितली. सोलापूरला बाबा असंच करायचे. चक्कर मारली, गाडी सुरेख पळाली. चेक फाडला.

जुलैमध्ये ऑइल बदलायला डिअरबॉर्नच्या एका लेबनीज मिस्त्रीकडं नेली. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि मला आत बोलावलं. गाडीखाली उभी राहायची माझी ती पहिली वेळ. त्यानं हातातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे इंजिन पेलणाऱ्या खालच्या लोखंडी चौकटीवर, ठोकलं, टण् आवाज आला. वीतभर मागं ठोकलं, तिथं आवाजच आला नाही. मग टोक टेकवून नुसतं दाबलं, तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. माझ्या चपलेवर तपकिरी पापुद्रे पडले, कडक भाकरी मोडल्यावर पडतात तसे. ब्रेकच्या नळ्यांवर बोट फिरवून त्यानं ते बोट मला दाखवलं, ओलं होतं. दुरुस्तीचा अंदाज ३,४०० डॉलर. शेवटी भंगारात दिली, ९०० मिळाले.

सोलापूरकराला गंज म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, हवा कोरडी, पाऊस बेताचा. बाबांची पद्मिनी पंचवीस वर्षं अंगणात उभी होती. रंग उडाला, रबरं चिरली, पण पत्रा शाबूत. आपण वरून बघतो कारण आपल्याकडं गाडी वरून खराब होते. मिशिगनात ती खालून मरते. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार-बाराशे फूट खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं, सांध्यांत शिरतं आणि एप्रिलनंतर ऊब आली की कामाला लागतं. वर मिशिगनात गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही. म्हणजे सरकार तुमच्यासाठी खाली वाकणार नाही, तुम्हालाच वाकावं लागेल.

म्हणून ऐका. सेकंडहँड गाडी अंधारात बघायची नाही, बर्फाखाली बघायची नाही, पावसात बघायची नाही. दाराखालच्या पट्टीला आतल्या बाजूनं बोट लावा. चाकांच्या कमानी बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात ओल आहे का बघा. पोटाला ताजा काळा थर मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो बहुतेक वेळा झाकायला मारलेला असतो. आणि हे सगळं केल्यावरही विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीकडं नेऊन गाडी लिफ्टवर चढवा. शंभर-दीडशे डॉलर जातील, जाऊ देत. विकणारा "कशाला, माझ्यावर विश्वास नाही का" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गाडी कितीही लाल असो. पुन्हा सांगते, लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सिद्धरामेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथं जाऊन बघा. शेतकरी बैलाचे दात बघतो, चार पावलं चालवतो, खूर उचलून बघतो. शिंगांना लावलेल्या रंगाचे पैसे कुणी मोजत नाही.

कागदांचं. प्रत्येक गाडीला १७ अक्षरी-अंकी क्रमांक असतो, त्याला व्हीआयएन म्हणतात. तो टाकला की सरकारी साइटवर कुठला रिकॉल (कंपनीनं दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं) बाकी आहे ते फुकटात कळतं. गाडीचा मागचा इतिहास सांगणाऱ्या कारफॅक्स कंपनीचा रिपोर्ट घ्या, पण तो स्वच्छ म्हणजे गाडी स्वच्छ असं नाही. ज्या अपघाताची नोंदच झाली नाही, तो त्यात येणार कुठून? टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीमुळं मोडीत काढलेली) किंवा 'रीबिल्ट' (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) असेल तर पहिल्या गाडीसाठी तो विषय सोडा. डीलरकडच्या सेकंडहँड गाडीच्या काचेवर एक छापील कागद लावावाच लागतो. त्यावर 'ॲज इज', म्हणजे 'आहे तशी', असेल तर गेटबाहेर पडल्यावर गाडी तुमची आणि दुखणंही तुमचंच. आपल्या मुलांत एक समज पसरलाय की तीन दिवसांत गाडी परत करता येते. असा सरसकट कायदा नाही. दोघांना मी हे सही करून आल्यावर सांगितलंय, दोघंही माझ्यावरच रुसले.

स्पोर्ट सेडानची खास तपासणी वेगळी. अशी गाडी आधीच्या पोरानं पिदडलेली असण्याची शक्यता कोरोलापेक्षा जास्त. इंजिन थंड असतानाच पोचा. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर कुणीतरी तुमच्याआधी सुरू करून ठेवलंय. हाताचा गिअर असेल तर चौथ्यात हळू चालवत एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळाला आणि गाडी मागंच राहिली तर क्लच गेला. दुसऱ्या गिअरला खरखर आली तर धन्यवाद म्हणा आणि निघा. टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. उन्हाळी टायर असतील तर ७ अंशांखाली रबर कडक होतं, बर्फात ते साबणाच्या वडीसारखे घसरतात. मग हिवाळी टायरचा वेगळा संच किमतीत धरा.

डब्ल्यूआरएक्स २०१४ किंवा त्याआधीची असेल तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग एका ठेक्यात फिरवणारा पट्टा) १,०५,००० मैलांना बदललाय का, याचं बिल मागा. २०१५ पासून पट्ट्याऐवजी चेन आली. जुन्या जीएलआयला सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्याचं तेल दर ४०,००० मैलांना बदलावं लागतं, आणि "ऑटोमॅटिकचं तेल बदलायचं नसतं" म्हणणारा मालक असेल तर निघा. सिव्हिकच्या दीड लिटर टर्बोबद्दल थंड भागांतून तक्रारी आल्या होत्या की छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, वास घ्या, पातळी खुणेच्या वर चढलीय का बघा. विकणारा तुमच्याकडं विचित्र नजरेनं बघेल. बघू दे.

कुणी आवाजासाठी, ताकदीसाठी बदल केलेली गाडी घेऊच नका. "सगळं परत ओरिजिनल केलंय" म्हणतात, त्यावर तर विश्वास ठेवूच नका. १९९६ नंतरच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं, त्यात लावायचा छोटा रीडर स्वस्तात मिळतो. इंजिनाचा दिवा पुसून गाडी विकायला ठेवली असेल तर रीडरवर गाडीच्या आतल्या चाचण्या अपुऱ्या दिसतात, चोरी पकडली जाते.

नवी घेणार असाल तर गंजाची काळजी नाही, पण व्याजाची आहे. तिथं तुमची पत शून्यापासून सुरू होते. तीस लाखांची एफडी इथं असली तरी तिथल्या पतीच्या आकड्याला, म्हणजे क्रेडिट स्कोअरला, त्याचा पत्ता नसतो. डीलरकडं जाण्याआधी क्रेडिट युनियनकडून, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारख्या संस्थेकडून, व्याजाचा दर लेखी घ्या. आपल्याकडं बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तिथं सेल्समन "मॅनेजरला विचारून येतो" म्हणत काचेच्या खोलीत तीनदा जातो. माझी खात्री आहे, आत दोघं कॉफी पितात. तुम्ही एकच प्रश्न विचारा: टॅक्स, कागद, फी सगळं धरून दाराबाहेर एकूण किती? महिन्याचा हप्ता सांगायला लागला की हिशेब संपला समजा. मिशिगनचा विक्रीकर ६ टक्के, तो खाजगी माणसाकडून घेतली तरी भरावाच लागतो. शेवटी एका वेगळ्या खोलीत नेऊन वाढीव वॉरंटी, पत्र्याचं कोटिंग, असं काय काय विकतात. तिथं नाही म्हणायचं, हसून म्हणायचं.

विमा गाडी घेण्याआधी विचारा, व्हीआयएन देऊन. मिशिगनचा विमा महाग म्हणून देशभर नाव काढून आहे, आणि नव्या लायसन्सवर टर्बो गाडी म्हटलं की तो हप्त्याला गाठतो. त्या जुळे सोलापूरच्या पोराचं स्वप्न कुठं अडलं तर इथंच अडेल.

आमच्या भागात रविवारी डीलर बंद असतात, कायदाच आहे. हा त्या देशाचा मला सगळ्यांत आवडलेला कायदा. सेल्समनशिवाय लॉटमध्ये, म्हणजे डीलरच्या गाड्यांच्या आवारात, निवांत फिरता येतं. मी दर वेळी रविवारी जाते, टॉर्च घेऊन, आणि एक जुनी सोलापुरी चादर गाडीखाली अंथरते. त्या चादरीला आता मीठ, ऑइल आणि डेट्रॉइटचा चिखल, सगळं लागलंय, तरी सूत सुटलेलं नाही. परवाच्या माउलीनं निघताना विचारलं, "बॅगेत दोन चादरी घालू का?" म्हटलं, तीन घाला. तिसरी जुनी असू दे.