यूट्यूबवरून ‘सेव्हन वंडर्स’ शिकायचा असेल, तर आधी खोका उघडा

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. नेरूळला आमच्या घरी सहा जण जमले होते: मी, नवरा, सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि दहावीतला भाचा. नवा कोरा ‘सेव्हन वंडर्स’ हा पत्त्यांचा बोर्ड गेम टेबलावर ठेवला आणि नियम सगळ्यांना एकदमच कळावेत म्हणून मी टीव्हीवर नियम समजावणारा व्हिडिओ लावला. सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला. संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, “बरं, आता मी काय करायचं?” कोणालाच सांगता येईना, मलाही नाही. भजी खाऊन झाली आणि खोका कपाटात गेला.

पुढच्या आठवड्यात मी एकटी बसून दोन संध्याकाळी तोच खेळ शिकले, आणि आता तो आमच्याकडे दर महिन्याला खेळला जातो. फरक व्हिडिओत नव्हता, पाहण्याच्या पद्धतीत होता. व्हिडिओ हा एकाच माणसाचा गृहपाठ असतो, आणि तो हातात पत्ते घेऊन करायचा असतो. मी तो कसा केला, ते पुढे क्रमानं सांगते.

आधी खेळाची ओळख. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा हा खेळ २०१० साली आला. जरा मुरलेल्या खेळाडूंसाठीचा जर्मनीतला ‘केनरश्पील’ पुरस्कार २०११ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो याला मिळाला. ३ ते ७ जण खेळू शकतात आणि नियम अंगवळणी पडले की अर्ध्या तासात डाव होतो. प्रत्येकाला गिझा, बॅबिलॉन, ऱ्होड्स, अलेक्झांड्रिया असं एखादं प्राचीन शहर मिळतं आणि पत्त्यांवरच्या इमारती बांधत, त्या शहराचं आश्चर्य टप्प्याटप्प्यानं उभं करत तीन युगांत ते वाढवायचं असतं. आमच्या नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये ताजमहालासारख्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, त्यामुळे भाच्याला वाटलं तीच इथे असणार. खेळात मात्र जुनी, प्राचीन जगातली सात आहेत. त्यांतला गिझाचा पिरॅमिडच काय तो आज उभा आहे.

व्हिडिओ लावण्याआधी

खोका उघडा. पत्त्यांच्या पाठीवरून तीन युगांचे तीन गठ्ठे करा. मग आपली आवृत्ती कोणती ते बघा. मी हे केलं नव्हतं आणि त्यात माझी पहिली संध्याकाळ गेली. २०२० साली या खेळाची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात शहराच्या पाटाला, म्हणजे प्रत्येकानं समोर ठेवायच्या बोर्डाला, दिवस आणि रात्र अशा दोन बाजू आहेत. जुन्या आवृत्तीत त्या ‘ए’ आणि ‘बी’ आहेत. आधीच्या इमारतीमुळे पुढची इमारत फुकट मिळते ती साखळी जुन्या पत्त्यांवर इमारतीच्या नावानं छापलेली आहे, नव्या पत्त्यांवर खुणेनं. २०२० च्या आधीचा व्हिडिओ पाहत असाल, तर त्यातले पत्ते जुन्या आवृत्तीचे असणार हे उघड आहे. खेळाचा गाभा तोच राहतो, पण हातातला पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता वेगळा दिसला की नवखा माणूस तिथेच अडकतो. जुन्या आवृत्तीत दोघांसाठी वेगळा नियम होता. नव्या खोक्यावर ३ पासूनच आकडा आहे, त्यामुळे दोघांनी खेळल्याचा व्हिडिओ तिथे कामाचा नाही.

कोणता व्हिडिओ

शोधलं की तीन प्रकार हाती लागतात. एकात नियम शिकवतात, दुसऱ्यात चारपाच जण पूर्ण डाव खेळतात, तिसऱ्यात खेळ घ्यावा की नाही याची चर्चा असते. शिकायला पहिलाच हवा. ‘वॉच इट प्लेड’ हा चॅनल अशा नीट, सावकाश शिकवण्यासाठी ओळखला जातो. पूर्ण डावाचा व्हिडिओ नियम कळल्यानंतर फार उपयोगी पडतो. आधी पाहिला तर नुसती गर्दी वाटते.

बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत असतात. वेग ०.७५ वर आणला आणि इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवली की घरातल्या बहुतेकांना जमतं. आपोआप होणाऱ्या मराठी भाषांतरावर मी विसंबत नाही, कारण खेळातले शब्द ठरावीक अर्थाचे असतात आणि भाषांतरात एकाच गोष्टीला तीन वेगळी नावं मिळू शकतात. त्यापेक्षा आपले शब्द आपणच ठरवावेत. आमच्याकडे पत्ता ‘बांधायचा’, पाटाखाली ‘पुरायचा’ किंवा ‘विकायचा’ असतो. उरलेला हात शेजाऱ्याकडे ‘सरकवायचा’. हे चार शब्द मी वहीत लिहिले आणि पुढचं शिकवणं निम्म्यानं सोपं झालं.

पहिल्यांदा नुसतं पाहा, दुसऱ्यांदा हात चालवा

पहिल्यांदा पाहताना तीनच प्रश्न मनात ठेवा: जिंकतो कोण, आपली पाळी आली की करायचं काय, आणि डाव संपतो कधी. उत्तरं छोटी आहेत. ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. पाळी कोणा एकाची नसतेच. सगळे एकाच वेळी एकेक पत्ता निवडतात आणि एकदम उघडतात. तीन युगं संपली की डाव संपला. बाकीचं कानावरून जाऊ द्या.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र टेबलावर तिघांसाठी मांडामांड करा आणि तिघांचेही हात तुम्हीच खेळा. मोबाइल शेजारी उभा करून ठेवा आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबवा. पहिली पायरी पत्ते निवडण्याची. प्रत्येक पत्त्याच्या खालच्या बाजूला ३, ४, ५ असा आकडा असतो. तिघं असाल तर फक्त ३ चे पत्ते घ्यायचे, चौघं असाल तर ३ आणि ४ चे, आणि असंच पुढे. तिसऱ्या युगात यात जांभळे पत्तेही येतात. ते न बघता खेळाडूंच्या संख्येहून दोन जास्त घ्यायचे, म्हणजे तिघांना ५, सहा जणांना ८. व्हिडिओत हे दहा सेकंदांत उरकतात, म्हणून पडताळा लक्षात ठेवा: प्रत्येक युगाचे पत्ते बरोबर खेळाडू गुणिले ७ भरले पाहिजेत. तिघांना २१, सहा जणांना ४२. एक जरी कमीजास्त झाला तर थांबून पुन्हा मोजा.

आता प्रत्येक हातात ७ पत्ते आणि समोर ३ नाणी. एक पत्ता निवडून पालथा ठेवा, तिन्ही हातांचे निवडून झाले की एकदम उघडा. निवडलेल्या पत्त्याचं तीनपैकी एक करता येतं. तो बांधा. किंवा पाटाखाली पुरून आश्चर्याचा एक टप्पा उभा करा. किंवा विकून बँकेतून ३ नाणी घ्या. दुसरा पर्याय नवख्यांना हमखास चकवतो: पुरताना खर्च टप्प्याचा भरायचा, पत्त्याचा नाही. त्यामुळे शेजाऱ्याला हवाहवासा वाटणारा महागडा पत्ताही आपण पुरून टाकू शकतो. टप्पे मात्र डावीकडून उजवीकडे, क्रमानंच. मग उरलेले पत्ते शेजाऱ्याकडे सरकवा, पहिल्या आणि तिसऱ्या युगात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. हातात दोन उरले की एक खेळायचा आणि दुसरा बाद. म्हणजे एका युगात ६ पत्ते, पूर्ण डावात १८.

इथे थांबा आणि एक आख्खं युग असंच खेळून बघा. साधारण चौथ्या पत्त्याला, इमारत बांधायला लागणाऱ्या कच्च्या मालाचा प्रश्न येईल, आणि या खेळाची सगळी गंमत तिथेच आहे.

लाकडाचा पत्ता बांधला म्हणजे लाकडाचा साठा मिळाला, असं आमच्या नणंदेचे यजमान समजत होते. एकदा लाकूड वापरलं की पत्ता काढून ठेवायचे. तसं नाही. आपल्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी रोज नळाला येतं, तसं हे लाकूड दर फेरीला येतं. पण एका फेरीत एका नळाला एकच बादली. दोन लाकडं लागणार असतील तर दोन नळ हवेत. एक कमी पडली तर डाव्या किंवा उजव्या शेजाऱ्याकडून २ नाण्यांना विकत घ्यायची. शेजारी नाही म्हणू शकत नाही आणि त्याचं लाकूड संपतही नाही. मिळालेली नाणी मात्र त्याला त्याच फेरीत खर्च करता येत नाहीत, पुढच्या फेरीत येतात. टेबलापलीकडच्या माणसाकडे काच असली तरी आपल्याला उपयोग नाही, व्यवहार फक्त लगतच्या दोघांशीच. तोही त्यांच्या पाटावरच्या आणि तपकिरी, करड्या पत्त्यांवरच्या मालाचाच. पिवळ्या पत्त्यांवरचा माल विकला जात नाही, पण काही पिवळ्या पत्त्यांमुळे खरेदीचा दर २ वरून १ वर येतो. कोणत्या बाजूच्या शेजाऱ्याकडून ते पत्त्यावरचा बाण सांगतो. हा बाण व्हिडिओत दिसेनासा होतो, हातात पत्ता असेल तरच कळतो.

साखळीचा नियम समजावताना मी आमचंच गाव वापरते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. वाशीचा खाडीपूल १९७३ चा, आणि लोकल वाशीला पोचली १९९२ साली. जमीन आधी होती, पण पूल आणि रेल्वे आल्याशिवाय माणसं राहायला येणार कशी? पहिल्या युगात लाकूड, दगड, विटा असे तपकिरी पत्ते कंटाळवाणे वाटतात, गुण देत नाहीत, तरी ते बांधायचे ते याचसाठी. आणि पहिल्या युगात स्नानगृह बांधलं असेल, तर दुसऱ्या युगात जलवाहिनी फुकट मिळते. तीन दगड लागणारी इमारत काहीही न देता! सासूबाईंना हा नियम ऐकताक्षणी पटला. एकाच नावाची इमारत मात्र दोनदा बांधता येत नाही.

जिथे व्हिडिओ धावतो

हिरव्या पत्त्यांचे गुण. खुणा तीन: कर्कटक, दातेरी चाक आणि पाटी. प्रत्येक खुणेच्या संख्येचा वर्ग करायचा, आणि तीन वेगळ्या खुणांचा संच जमला की त्याचे वर ७. समजा तुमच्याकडे ३ कर्कटकं, २ चाकं आणि १ पाटी आहे. ९ अधिक ४ अधिक १, आणि एक संच म्हणून ७, एकूण २१. कागदावर असे दोनतीन हिशेब स्वतः करा, कारण व्हिडिओत आकडे डोळ्यांसमोरून सरकून जातात आणि शेवटच्या मोजणीला सगळे तुमच्याकडे बघतात.

लाल, म्हणजे लष्कराचे पत्ते सोपे आहेत, फक्त भीती वाटते. युग संपलं की त्यांच्यावरच्या आपल्या ढाली डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याच्या ढालींशी वेगवेगळ्या ताडून बघायच्या. जिंकलात तर पहिल्या युगात १, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५ गुण. हरलात तर प्रत्येक वेळी उणे १. बरोबरी झाली तर काही नाही. कोणाची इमारत पडत नाही, पत्ता जात नाही. सगळी युद्धं हरली तरी नुकसान एकूण ६ गुणांचं. हे कळल्यावर नणंदेनं ढालींचा नाद सोडला आणि पुढचा डाव हिरव्या पत्त्यांवर जिंकला.

उरलेल्या नाण्यांचे दर तीनला एक गुण. निळ्या पत्त्यांवरचे गुण छापलेलेच असतात. जांभळ्यांचं तिसऱ्या युगात पत्ता हातात आल्यावरच वाचा. त्यातले बरेचसे शेजाऱ्यांनी काय बांधलं त्यावर गुण देतात.

घरच्यांना शिकवताना

टीव्ही बंद ठेवा. दहा मिनिटांत, आपल्या भाषेत सांगा. आधी जिंकतो कसा, मग पत्त्याचं तीनपैकी काय करता येतं, मग शेजाऱ्याकडून खरेदी. एवढंच सांगून पहिलं युग पत्ते उघडे ठेवून खेळवा, म्हणजे कोणी अडला तर सगळ्यांना मदत करता येते. ते युग मोजायचं नाही, पुन्हा वाटायचं. आमच्याकडे मेंढीकोट आणि रमी खेळलेली माणसं आहेत. त्यांना “हातातला एक ठेवा आणि बाकीचा हात शेजाऱ्याला द्या” हे एवढं विचित्र वाटलं, की दोन फेऱ्या प्रत्यक्ष केल्याशिवाय ते पटलंच नाही. ढालींचं सांगणं पहिलं युग संपेल तेव्हाच आणि हिरव्यांचा हिशेब कोणी पहिला हिरवा पत्ता बांधेल तेव्हा. नियम गरज पडेल तेव्हा आला की डोक्यात राहतो.

मधेच शंका आली तर व्हिडिओत शोधत बसू नका, खोक्यातलं नियमपुस्तक उघडा. शेवटचा शब्द त्याचा. व्हिडिओ करणारी माणसंही चुकतात.

यानंतर ‘थ्रू द एजेस’ शिकावासा वाटला, तर रीत हीच, फक्त वेळ जास्त ठेवा. चेक रचनाकार व्लादा ख्वातिल यांचा हा खेळ २००६ चा आणि नवी आवृत्ती २०१५ ची. लष्कराचे नियम दोन्हींत वेगळे आहेत, म्हणून इथेही आधी खोका बघायचा. मी तो चार संध्याकाळी तुकड्यातुकड्यानं शिकले: पहिल्या दिवशी फक्त शेती, खाणी आणि लोकसंख्या, लष्कर अगदी शेवटी. घरच्यांना अजून शिकवलेला नाही.

आमच्या ‘सेव्हन वंडर्स’च्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. खेळताना चूक सापडली की तिच्यावर एक ओळ वाढते. आत्ता तीन ओळी आहेत. पहिली माझ्या अक्षरात: “पत्ते मोजा, माणसं गुणिले सात.” दुसरी भाच्याची: “दुसरं युग उजवीकडे!!” तिसरी सासूबाईंची, पेन्सिलीनं: “पुरताना पत्त्याची किंमत द्यायची नाही.”