सीईटीच्या पर्सेंटाइलवरून कॉलेज ठरवताना या चुका टाळा

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल? माझं स्पष्ट मत आहे की इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांचं खरं नुकसान कमी गुणांपेक्षा या प्रश्नाच्या घाईघाईतल्या उत्तराने होतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते; ९० पर्सेंटाइल याचा अर्थ तुमच्या सत्रात पेपर दिलेल्या दर शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. दुसऱ्या सत्रातल्या मित्राला २०० पैकी तुमच्यापेक्षा कमी गुण असूनही पर्सेंटाइल जास्त असू शकतं, कारण त्याचा पेपर वेगळा होता. त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

गेल्या वर्षीच्या कटऑफवर डोळे झाकून विसंबणं ही त्याहून मोठी चूक. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाची परीक्षा २०२४ मध्ये सुमारे ३ लाख मुलांनी दिली, २०२५ मध्ये ४ लाखांहून जास्त. म्हणजे ९७ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे आधी साधारण ९ हजार मुलं होती, वर्षभरात ती १२ हजारांच्या वर गेली. म्हणून पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही बघा. कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही छापलेले असतात. आणि रकाना नीट वाचा. रकान्याच्या नावात सुरुवातीचं ‘एल’ म्हणजे मुलींच्या जागा. शेवटचं ‘एच’ म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ‘ओ’ बाहेरच्यांसाठी, ‘एस’ राज्यस्तरावर. बारावी कोल्हापुरातून केलेल्या मुलाने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा बघून खूश होण्यात किंवा खचण्यात काहीच अर्थ नाही.

सगळ्यात महाग पडतो तो पसंतीक्रम. ‘जे मिळण्यासारखं आहे तेच वर टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. मेरिटनुसार तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली तपासली जाते आणि तुमच्या नंबरात बसणारी पहिली जागा दिली जाते. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट धोका दुसरीकडे आहे. २०२५-२६ पासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, ४ फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ पैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या ६ पैकी एखादी मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. आता समजा, मुलीला कॉम्प्युटर हवंय आणि घरच्यांनी भीतीपोटी गावाजवळचं सिव्हिल एक नंबरला टाकलं. पहिल्याच फेरीत ते मिळालं, की कॉम्प्युटरची जागा तिच्या नंबरात बसत असली तरी हातची गेली. यादी मनाच्या क्रमानेच लावा, आणि भरण्याआधी यंदाच्या माहितीपुस्तिकेत फेऱ्यांचे नियम पुन्हा वाचा.

राहिली कागदपत्रं. नॉन-क्रीमीलेअर किंवा जातवैधता अर्जाच्या पावतीवर फॉर्म भरला असेल, तर मूळ प्रमाणपत्र मुदतीत द्यावंच लागतं. नाही दिलं तर आरक्षणाचा हक्क जातो आणि चांगल्या पर्सेंटाइलच्या मुलालाही खुल्या गटात लढावं लागतं. सेतू केंद्रात निकालाच्या दिवसांत झुंबड उडते, त्यामुळे अर्ज बारावीची परीक्षा संपताच करून टाका.