दगडफुलाचा लेप : खरी कसोटी निवडण्यात

गोड्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हे, तर झाडांच्या सालीवर व खडकांवर वाढणारी बुरशी आणि शैवालाची जोडी (लायकेन); आयुर्वेदात ते शैलेय म्हणून ओळखले जाते. अंगाचा दाह आणि खाज यांवर, तसेच लघवी अडखळत होत असल्यास ओटीपोटावर, त्याचा लेप लावण्याची परंपरा आहे.

सर्वांत अवघड काम निवडण्याचे. ‘कोरडेच पाखडून घ्या’ हा सल्ला जो देतो, त्याने लेप कधी केलेला नसावा. सुरुवातीला मीही तसेच केले. ठिसूळ पाकळ्यांचा चुरा झाला, सालीचे तुकडे व रेती त्यात मिसळली आणि लेपाने कातडी खरवडून निघाली. म्हणून दगडफूल ताटात पसरून आधी पाण्याचा हबका मारावा. दोन-चार मिनिटांत ते चामड्यासारखे लवचिक होते आणि चिकटलेली साल नखाने सुटते. पाकळी वरून राखाडी आणि खालून काळी असावी. दाढीच्या केसांसारखे पिवळट-हिरवे धागे दिसले, तर ते निःसंकोच फेकावेत. तशा जातींत उस्निक आम्ल असते, आणि ते असलेल्या वजन घटवण्याच्या एका गोळीने यकृताला इजा होत असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये दिला होता. निवडलेले दगडफूल भरपूर पाण्यात बुडवून वरच्या वर हाताने उचलावे. पाणी ओतून गाळले, तर तळाची रेती पुन्हा त्यातच येते. असे तीनदा करावे.

सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ करावे. मसाल्यासारखे तेलात परतू नये.

कोमट पाण्यात दाट कालवून आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहावे, कारण दगडफुलातील आम्लांची काहींना ॲलर्जी असते. पुरळ आले नाही, तरच पातळ थर द्यावा आणि तो सुकून ताणू लागण्याआधी धुवावा. जखमेवर लावू नये.

दगडफुलाला मुळे नसतात, ते हवा व पावसातूनच सारे शोषते. त्यामुळे रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडावरचे खरवडून आणणे म्हणजे शिशासारखे जड धातू घरी आणणे होय. पोटात घ्यायचे असल्यास मात्रा वैद्यांनीच ठरवावी; गर्भवतींनी आणि यकृताचा विकार असलेल्यांनी तो विचारच सोडावा. लघवी पूर्ण तुंबली असेल किंवा सोबत ताप असेल, तर लेप कालवत न बसता तडक रुग्णालय गाठावे.