परदेशातील मिशनवर निघालेल्या ज्येष्ठ दांपत्यांनो, या चुका टाळा

द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चमध्ये निवृत्तीनंतर पती-पत्नीने मिळून स्वखर्चाने मिशनवर, म्हणजे ठरावीक काळाच्या धर्मसेवेवर, जाण्याची पद्धत चांगलीच रुजलेली आहे. अमेरिकेतून अशी अनेक दांपत्ये परदेशी जातात. कोणी मिशनचे कार्यालय सांभाळते, कोणी मानवतावादी प्रकल्पांकडे लक्ष देते, तर कोणी एखाद्या लहानशा ब्रँचला, म्हणजे मोजक्या सभासदांच्या स्थानिक मंडळीला, आधार म्हणून राहते. निघण्यापूर्वीच्या तयारीत धर्मग्रंथांचे वाचन आणि भाषेचे चार धडे होतात. राहून जाते ती रोजच्या दिवसाची तयारी, आणि बहुतेक अडचणी तिथेच उभ्या राहतात.

तरुण मिशनऱ्यांची बरोबरी करणे

तरुण मिशनऱ्यांचा दिवस साधारण सकाळी ६:३० ला सुरू होतो आणि रात्री १०:३० ला संपतो. ज्येष्ठ दांपत्यांवर या वेळापत्रकाचे बंधन नाही आणि दारोदार फिरून प्रचार करण्याचीही त्यांच्याकडून अपेक्षा नसते. तरीही नव्या उत्साहात कित्येक दांपत्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतःला जुंपून घेतात. दिवसा कार्यालय, संध्याकाळी सभासदांच्या घरी भेटी, आणि रात्री उशिरा एखाद्या तरुण एल्डरचा (पुरुष मिशनऱ्याला असे संबोधतात) फोन येतो की खोलीतले गरम पाणी बंद झाले आहे. काही आठवड्यांत गुडघे आणि झोप, दोन्ही तक्रार करू लागतात. याच्या उलट चूकही तितकीच नेहमीची आहे: विचारणारे कोणी नाही म्हणून न्याहारी अकरापर्यंत लांबते आणि महिनाभरात आपण इथे नेमके कशासाठी आलो, असा प्रश्न पडू लागतो.

दोन्हींवर उपाय एकच आहे. पहिल्या आठवड्यातच मिशन अध्यक्षांसमोर, म्हणजे त्या भागातील मिशनऱ्यांच्या प्रमुखांसमोर, बसून कामाचे दिवस, तास आणि फोन घेण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ती कागदावर लिहून द्यावी. आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजारहाट आणि विश्रांतीसाठी मोकळा ठेवावा. कार्यालयात काम असेल, तर तरुण मिशनऱ्यांच्या बदल्या साधारणपणे दर सहा आठवड्यांनी होतात, हे दिनदर्शिकेवर आधीच खुणावून ठेवावे. त्या आठवड्यात विमानतळ, गाड्या, घरभाडे आणि व्हिसाचे कागद ही सारी कामे एकदमच अंगावर येतात, त्यामुळे दुसरा कोणताही बेत आखण्यात अर्थ नसतो.

एकाच्याच हाती सगळ्या किल्ल्या

चाळीस वर्षे दिवसभर वेगवेगळ्या ठिकाणी काम केलेली दोन माणसे एकाएकी एका टेबलाशी येऊन बसतात, तेव्हा खटके उडणे स्वाभाविक आहे. मात्र पतीने ठरवायचे आणि पत्नीने टंकलेखन करायचे, अशी वाटणी नकळत होऊन बसते, ती सुरुवातीलाच मोडलेली बरी. मिशनवरचे बोलावणे दोघांनाही आलेले असते. कामे नावानिशी वाटून घ्यावीत आणि एकमेकांच्या कामात विचारल्याशिवाय सूचना करू नयेत. गाडी मात्र दोघांनाही चालवता आली पाहिजे आणि बँकेचे व्यवहारही दोघांना माहीत हवेत; एकट्यालाच सर्व येत असेल, तर त्याच्या एका तापासरशी घर आणि काम दोन्ही ठप्प होतात.

औषधे आणि विमा गृहीत धरणे

अमेरिकेतील मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. म्हणून काही जण ‘मग हप्ता तरी कशाला भरायचा’ असा विचार करून तिचा भाग ब (डॉक्टरांच्या सेवा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा विमा) परस्पर बंद करतात. नंतर पुन्हा नोंदणी करताना, उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यात १० टक्के वाढ होऊ शकते आणि ती बहुधा कायमची चिकटते. करमुक्त संस्थेसाठी परदेशात किमान १२ महिने स्वयंसेवा करणाऱ्या आणि त्या काळात आरोग्य विमा असणाऱ्यांना विशेष नोंदणीची सवलत आहे; पण आपण तिच्या अटींत बसतो की नाही, हे बंद करण्याआधी विचारायचे असते.

औषधांच्या बाबतीत घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी सगळीकडे चालते, हा समजही महागात पडतो. जपानमध्ये ॲम्फेटामाइन असलेली औषधे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत आणि स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनाही बंदी आहे. आपल्या प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव आणि मात्रा लिहिलेला कागद दोघांच्याही पाकिटात असावा, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते, म्हणून ते सामानाच्या कप्प्यात न टाकता हातातल्या पिशवीत न्यावे. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र वापरत असाल, तर त्याच्या अडॅप्टरवर ‘१००–२४०’ असे लिहिले आहे का ते पाहावे. असल्यास केवळ प्लगचा जोड पुरतो. केस वाळवण्याचे अमेरिकी यंत्र मात्र बहुधा १२० व्होल्टचेच असते आणि २३० व्होल्टच्या देशात ते पहिल्याच दिवशी जळते. ते घरीच ठेवावे.

पैशांच्या लहान गाठी

२०११ मध्ये चर्चने ज्येष्ठ दांपत्यांच्या घरासाठीच्या खर्चावर दरमहा १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली, तेव्हा अनेकांचा हिशेब सुकर झाला. पण अशी मर्यादा फक्त घरापुरती असते. जेवण, औषधे आणि मागे सोडलेल्या घराची देखभाल वेगळी धरावी लागते. सर्वांत जास्त छळते ती मात्र क्षुल्लक वाटणारी गोष्ट: बँकेचा ओटीपी बंद केलेल्या अमेरिकी क्रमांकावर जातो आणि खाते उघडत नाही. तो क्रमांक चालू ठेवण्याची सोय निघण्याआधी करून तपासून पाहावी. परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकी नागरिकाला त्याची माहिती सरकारला द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

ब्रँचचे काम स्वतःच्या हाती घेणे

ही चूक सर्वांत प्रेमाने केली जाते, म्हणून ती सर्वांत उशिरा लक्षात येते. ब्रँचमध्ये पियानो वाजवणारे कोणी नाही, तेव्हा सिस्टर, म्हणजे दांपत्यातील पत्नी, पहिल्याच रविवारी बाकावर बसतात. मुलांच्या वर्गाला शिक्षक नाही, तर एल्डर, म्हणजे पती, तो घेतात. सहा महिन्यांत सभा छान चालू लागते, सगळे खूश असतात, आणि दांपत्य परत गेल्यावरच्या रविवारी पियानो बंद आणि मुले अंगणात. ब्रँचला मदत मिळाली असे वाटते, प्रत्यक्षात तिची सवय मोडलेली असते.

वाजवणे आणि शिकवणे यांत निवड करायची वेळ आली, तर शिकवणेच निवडावे. सोपी केलेली स्तोत्रे उपलब्ध असतात. सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी एका बोटाने एक स्तोत्र अडखळत वाजवू लागली की त्या स्तोत्रापुरते तिला बसवावे, चुका ऐकून घ्याव्यात आणि उरलेली स्तोत्रे वाद्याविना गाऊ द्यावीत. कानांना त्रास होतो खरा. तरुण ब्रँच अध्यक्ष सभेत गोंधळले, तरी मागून सूचना देऊ नयेत. विचारले तर नंतर, एकांतात सांगावे.

पैशांचेही तसेच आहे. एखाद्या सभासदाला खिशातून मदत केली की दुसऱ्या आठवड्यात दारात आणखी चौघे असतात, आणि नकार दिलेल्यांचा राग ब्रँचवर निघतो. गरज खरी वाटली, तरी त्या व्यक्तीला ब्रँच अध्यक्षांकडे पाठवावे. उपवासाच्या दानातून (सभासद उपवास करून गरजूंसाठी देतात त्या पैशांतून) मदत देण्याची जबाबदारी त्यांची आहे आणि घरची परिस्थितीही त्यांनाच अधिक ठाऊक असते.

काम आधीच हाती घेऊन बसला असाल, तर शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. निघण्यापूर्वी चार-पाच महिने असतानाच एका रविवारी मुद्दाम शेजारच्या ब्रँचला जावे आणि परतल्यावर काय अडले ते विचारावे. जे अडले, तेवढ्यासाठीच माणूस शोधून त्याला शेजारी बसवावे आणि पुढच्या महिन्यात जागांची अदलाबदल करावी. नंतर येणाऱ्या दांपत्यासाठी घरमालकाचा क्रमांक, वीजबिलाची तारीख आणि गाडीचे कागद यांची वही ठेवावी. तिच्यात ब्रँचमधले कोणते काम आता कोणता सभासद करतो, हेही लिहावे, म्हणजे नवे पाहुणे तेच काम पुन्हा स्वतःकडे घेणार नाहीत.