एपिड्युरलआधी सोनो करताय? मग या चुका टाळा

लेबरमध्ये (बाळंतपणात) एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला मणक्यांमधून औषध द्यायची नळी, टाकायच्या आधी पाठीवर सोनो करून घेतला की काम बरंच सोपं होतं, त्यात पेशंट जाड असेल किंवा कणा वाकडा असेल तर विचारूच नका. तरी "सोनोत सगळं मस्त दिसत होतं, पण सुई हाडालाच लागतेय" हे रेसिडेंट लोकांकडून कायम ऐकू येतं. माझ्या मते घोळ बहुतेक वेळा स्कॅनमध्ये नसतोच, प्रोब खाली ठेवल्यापासून सुई टोचेपर्यंतच्या वेळात होतो.

पहिली गोष्ट पोझिशन. स्कॅन झाला, खूण केली, मग तुम्ही हात धुणार, गाऊन घालणार, ट्रे लावणार, तोवर तिला दोन कळा येऊन जातात, ती सरकते, एक खांदा खाली जातो, आणि कातडीवरची खूण कातडीसोबत सरकते पण हाड जिथल्या तिथं. म्हणून ट्रे आधी लावून ठेवा आणि स्कॅन अगदी शेवटी, दोन कळांच्या मधे करा. सुई हातात घेतल्यावर पाठ परत एकदा नीट बघा.

दुसरं, अँगल. आडव्या व्ह्यूत पोस्टिरिअर कॉम्प्लेक्स (म्हणजे लिगामेंटम फ्लेवम हा मणक्यांमधला लिगामेंट आणि ड्युरा हे मज्जारज्जूभोवतीचं आवरण) दिसावं म्हणून प्रोब जेवढा कलवला होता तेवढीच सुई कलवायची असते. लोक खूण बरोबर करतात आणि सुई मात्र सरळ घालतात!

डेप्थचंही तसंच. प्रोब दाबून धरला की चरबी दबते आणि आकडा कमी येतो, त्यामुळे स्क्रीनवर ५ सेंमी आलं तर सुईला थोडं जास्त जावं लागू शकतं. आकडा फक्त अंदाजाला, एपिड्युरल स्पेस मिळाली की नाही ते लॉस ऑफ रेझिस्टन्सच (सिरिंज दाबताना लागणारा जोर एकदम कमी होणं) सांगणार.

लेव्हल, म्हणजे कोणत्या दोन मणक्यांमधली गॅप, हाताने चाचपून ठरवू नका. २००० सालच्या एका स्टडीत अनुभवी अ‍ॅनेस्थेटिस्टनी सुद्धा फक्त २९% वेळा लेव्हल बरोबर ओळखली होती, आणि चूक होते ती बहुतेक वरच्या बाजूला, जे कम्बाइंड स्पायनल (एपिड्युरलसोबत ड्युराच्या आतही औषध देणं) करताना चांगलंच महागात पडू शकतं, कारण वर मज्जारज्जू असतो. सॅक्रमची (कण्याच्या तळाचं हाड) सलग पांढरी रेघ शोधा, तिथून एकेक गॅप मोजत वर या.

चित्रच दिसत नाही? आधी प्रोब बघा, लिनिअर (सपाट तोंडाचा) घेतलाय का? २ ते ५ मेगाहर्ट्झचा कर्व्ड लागतो. मधोमध नुसती काळी पट्टी दिसत असेल तर तुम्ही स्पायनस प्रोसेसवर (मणक्याचं मागे आलेलं टोक) आहात, थोडं वर किंवा खाली सरका. लिगामेंट पुसट दिसलं तरी खोलवर अँटिरिअर कॉम्प्लेक्सची (ड्युराची पुढची बाजू आणि मणक्याचा मागचा पृष्ठभाग) पांढरी रेघ दिसत असेल तर खिडकी, म्हणजे हाडांमधली वाट, उघडी आहे, पुढे जा.

जेल मात्र पूर्ण पुसा, एक तर त्यावर मार्कर उमटत नाही आणि वर ते सुईसोबत आत जायला नको. क्लोरहेक्सिडिन वाळल्याशिवाय सुई नाही.

एवढं करूनही हाड लागलं तर किती खोलीवर लागलं ते बघा. वरवर लागलं तर बहुधा स्पायनस प्रोसेस, खोल लागलं तर लॅमिना (स्पायनस प्रोसेसच्या बाजूचं मणक्याचं हाड), म्हणजे तुम्ही मधल्या रेषेवरून बाजूला गेलात. पेशंटलाच विचारा, डावीकडे टोचतंय की उजवीकडे, ती बरोब्बर सांगते. दिशा बदलताना सुई कातडीखालपर्यंत मागे घ्या, आतल्या आत वाकवू नका, आणि दोन-तीनदा असंच झालं तर सुई काढून स्टराइल कव्हर घालून परत स्कॅन करा.