राजमाचीची वाट सायकलने: जाणं, आणि मुख्य म्हणजे परत येणं

माझी पुण्यातल्या पाषाण गावात पिठाची गिरणी आहे. मंगळवारी गिरणी बंद, म्हणून लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याची माझी सायकलफेरीही मंगळवारी. हे आधीच सांगते, कारण या वाटेसाठी माझा पहिला सल्ला तोच आहे: शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी नुसतं लोणावळ्यात शिरायला तास जातो. पुढे वाटेवर चालणारे, मोटारसायकली, जीप, सगळेच असतात आणि उतारावर सायकल मोकळी सोडता येत नाही. आडवारी गेलात तर मैलभर माणूस दिसत नाही.

वाट अशी आहे. लोणावळ्यातून तुंगार्ली धरणाच्या बाजूने वर चढायचं आणि मग डोंगराच्या अंगाने कच्च्या गाडीवाटेने राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला पोचायचं. अंतर एका बाजूने साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. डांबरी रस्त्यावर एवढं अंतर मी पाऊण तासात कापते. इथे कोरड्या दिवसांत दोन तास लागतात, पावसाळ्यात तीन.

पहिल्यांदा गेले तेव्हा जाताना इतकी मजा आली की कशाचंच भान राहिलं नाही. प्रत्येक उतार सुसाट, प्रत्येक चढ उभं राहून दामटलेला. उधेवाडीत पोचल्यावर अंगात उत्साह होता म्हणून किल्ल्याच्या श्रीवर्धन शिखराच्या माथ्यावरही जाऊन आले. दुपारी अडीचला परत निघाले आणि तिसऱ्या चढावर दोन्ही मांड्यांत गोळे आले. पाणी संपलं होतं. शेवटचे चार-पाच किलोमीटर सायकल ढकलत, अंधारात, मोबाइलच्या उजेडात चालत आले. त्या दिवसापासून माझं सगळं गणित उलट्या बाजूने सुरू होतं. जाताना जे जे उतार आपण आनंदाने उतरतो, ते सगळे परतताना चढ असतात, आणि तेव्हा ऊन डोक्यावर असतं. उधेवाडीत पोचाल तेव्हा अंगात निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक हवी. खाली जे काही सांगते आहे ते सगळं त्यासाठीच आहे.

सरावासाठी पुणेकरांना वेताळ टेकडीसारखी जागा नाही. शहराच्या मधोमध, माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आणि वर मुरूम, सुटी खडी, उघडा कातळ, झाडांच्या मुळ्या हे सगळं एकाच फेरीत मिळतं. मी पंचवटीच्या बाजूने चढते. सकाळी तिथे फिरायला येणारी वयस्कर मंडळी पुष्कळ असतात. ती दिसली की वेग चालण्याइतका करायचा, घंटी एकदाच हळू वाजवायची, वाट अरुंद असेल तर उतरून उभं राहायचं. टेकडी त्यांची आधी आहे. पायवाट सोडून गवतात नवी वाट पाडू नका, पावसाचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि माती घेऊन जातं.

टेकडीवर दोन गोष्टी घोटून घ्या. एक, सुट्या खडीवरचा चढ. इथे उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागेवरच फिरतं. म्हणून बसूनच चढायचं, पण सीटच्या अगदी पुढच्या टोकावर सरकून, कोपरं खाली, छाती हँडलकडे. गिअर हलका, आणि तो चढ लागायच्या आधी टाकायचा. चढावर जोर असताना गिअर बदलला की साखळी कडकड करते आणि एखाद दिवशी तुटते. दुसरी गोष्ट, उतार. सीट चार बोटं खाली करा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरं सैल, बूड सीटच्या जरा मागे. नजर चाकासमोर नको, पंधरा-वीस पावलं पुढे हवी. दगडाकडे बघत राहिलात तर चाक त्या दगडावरच जातं. दगडांच्या मधल्या जागेकडे बघायचं.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण वाटेवर पडलेले बहुतेक लोक मी ब्रेकमुळेच पडलेले पाहिले आहेत. पुढचा ब्रेक लावला की तोंडावर पडू, या भीतीने लोक फक्त मागचा दाबून धरतात. मागचं चाक जाम होतं, खडीवरून सरपटत जातं, आणि सायकल आडवी होते. सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत, चाक सरळ असताना तो लावायचा. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात ब्रेक जवळजवळ सोडून द्यायचा. लांब उतारावर सतत दाबूनही धरू नये: दाबा, सोडा, दाबा, सोडा. ब्रेक तापला की त्याची पकड कमी होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७६ साली डोंगरउताराच्या ज्या शर्यती सुरू झाल्या, जिथून डोंगरवाटांवरच्या सायकलिंगच्या या खेळाने मूळ धरलं, त्यांचं नावच ‘रीपॅक’ होतं. त्या जुन्या सायकलींचे ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत असत. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ‘रीपॅक’. गिरणीचं बेअरिंग तापल्यावर येणारा जळकट वास मला ओळखीचा आहे, त्यामुळे ही गोष्ट ऐकल्या दिवसापासून मनात बसली.

सायकल महागच हवी असं नाही. माझी पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन असलेली, मागे काहीच नसलेली साधी आहे. दोन गोष्टींत मात्र काटकसर नको: डिस्क ब्रेक आणि टायर. रिमवर घासणारे ब्रेक चिखलात निकामी होतात. टायर २.२ इंचाचे, ठसठशीत गुठळ्यांचे.

आणि हवा. एकदा निघायच्या आदल्या दिवशी एका दुकानात हवा भरून घेतली, त्यांनी दोन्ही चाकांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठोकली. चाकं दगडासारखी टणक, प्रत्येक खड्यावर उसळत होती, आणि दोन तासांत तळहात बधिर झाले. आमच्या गिरणीच्या दगडांना ठरावीक दिवसांनी टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पाडाव्या लागतात. खाचांची धार बोथट झाली की दगड गुळगुळीत होतो, धान्य नुसतं घासलं जातं आणि पीठ तापतं. टायरचंही मला तसंच वाटतं, त्याला खालच्या जमिनीत थोडं रुतता आलं पाहिजे. माझं वजन ६२ किलो. आत ट्यूब असताना मी पुढे २६ आणि मागे २९ ठेवते. तुम्ही ८० किलोचे असाल तर तीन-चारने वाढवा. ट्यूब असताना फार कमीही चालत नाही. टोकदार दगडावर चाक आदळलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूबलेस टायर असतील तर चार-पाचने कमी ठेवता येते. हवा मोजायचं छोटं मीटर विकत घ्या, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका.

सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे, साखळी तोडायचं-जोडायचं अवजार, साखळीची जोडकडी. पाणी तीन लिटर. मी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा नेते. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो.

सकाळी सहाला लोणावळ्यातून चाकं हलली पाहिजेत. सुरुवातीचा तुंगार्लीचा चढ अंग तापायच्या आत येतो आणि दम काढतो. इथे कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या. बोलता येईल इतक्याच दमात चढा. वाक्य पूर्ण होत नसेल तर गिअर आणखी हलका करा, तरी जमत नसेल तर उतरून चाला. चढावर चालण्यात काहीही कमीपणा नाही, मी आजही दोन ठिकाणी चालते.

वर पोचल्यावर वाट मोकळी होते. डावीकडे खोल उल्हास नदीचं खोरं, ढग नसतील तेव्हा लांबवर किल्ल्याची दोन शिखरं, श्रीवर्धन आणि मनरंजन. जीपच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा, अशी वाट पुष्कळ ठिकाणी आहे. एक चाकोरी निवडा आणि तिच्यातच राहा. मधेच दुसरीत जायचा मोह होतो, तेव्हा पुढचं चाक काठाला घासतं आणि सायकल पाडते. बदलायचीच असेल तर वेग कमी करून, हँडल हलकं उचलून, काठ शक्य तितका आडवा ओलांडायचा.

ऋतूनुसार ही वाट इतकी बदलते की मी तिला तीन वाटा समजते. मार्च ते मे मुरमाचा भुगा होतो, त्यावर बारीक खडे गोट्यांसारखे फिरतात. वळणावर सायकल कमी झुकवायची. काठाला करवंदं असतात, ती थांबायला चांगलं निमित्त. जुलै-ऑगस्टमध्ये कातळावर शेवाळ धरतं. काळ्या ओल्या कातळावर ब्रेकही नाही आणि वळणही नाही, सरळ आणि सैल अंगाने जायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतो: माती बसलेली, ओढे घोट्याइतके, हवा स्वच्छ. नवख्या माणसाने पहिली फेरी तेव्हाच करावी.

ओढे ओलांडताना तळ दिसत असेल आणि पाणी घोट्याएवढं असेल तरच सायकलवरून. आधीच हलका गिअर टाकायचा, थोड्या वेगाने शिरायचं, आणि पाण्यात पेडल थांबवायचं नाही. पाणी गढूळ असेल किंवा घोट्याच्या वर असेल तर उतरा. सायकल वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे धारेने ती ओढली तरी तुमच्या पायांवर येणार नाही. पाणी गुडघ्याला लागलं तर मी मागे फिरते. दोनदा फिरले आहे. घाटमाथ्याचा पाऊस वर कुठेतरी पडतो आणि ओढा अर्ध्या तासात वेगळाच होतो, परतताना तो उतरलेला असेलच असं नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून डिस्क कोरडी करून घ्या.

फणसराईची वस्ती मागे पडली की लोकांना पोचल्यासारखं वाटतं आणि वेग वाढतो. तो वाढवू नका. गावाजवळ गुरं असतात, पोरं असतात.

उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं. पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवा, आणि पोटाला तड लागेपर्यंत जेवू नका, पुढे चढ आहेत. दोन्ही शिखरांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं मंदिर आहे, तिथवर पायी जाऊन यायला हरकत नाही. श्रीवर्धनचा माथा मात्र मुक्कामाला याल तेव्हासाठी ठेवा. मे अखेर-जूनमध्ये इथे काजवे असतात, त्यासाठी मुक्काम करायलाच हवा. सायकलने एका दिवसात परतायचं असेल तर साडेअकराला उधेवाडी सोडा. पाणी पुन्हा पूर्ण भरून.

कधी कधी मला विचारतात, आलो त्याच वाटेने कशाला, खाली कोंडाणे लेण्यांवरून कर्जतला उतरू का? उतरू नका. ती पायवाट आहे, तीव्र, दगडधोंड्यांची, झाडीतली. तिथे सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही तिला खांद्यावर नेता.

परतीत मी वेळ चढांवर मोजते. प्रत्येक चढाच्या डोक्यावर दोन मिनिटं थांबणं, दोन घोट पाणी, गुळाचा तुकडा. तहान लागायची वाट बघत नाही. हात थकले की माणूस हँडल गच्च धरतो आणि मग प्रत्येक धक्का मानेत जातो, म्हणून सपाटीवर मुद्दाम बोटं उघडून हलवते. तुंगार्लीचा शेवटचा उतार दिसला की घर आल्यासारखं वाटतं. मी ऐकलेले आणि पाहिलेले अपघात जास्त करून त्याच उतारावरचे आहेत. त्याच्या डोक्यावर एकदा उतरा, सीट खाली करा, ब्रेक तपासा, आणि मगच सोडा.

घरी आल्यावर सायकल त्याच संध्याकाळी धुवा, चिखल वाळू देऊ नका. पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि पेडलच्या बेअरिंगवर नको, पाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेतं. बादली, फडकं आणि जुना ब्रश पुरतो. साखळी पुसून प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल द्यायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, आणि डिस्कवर तेलाचा हात लागू द्यायचा नाही. मग चाक उचलून फिरवून कान द्या. खर्रखर्र ऐकू आली तर बेअरिंगमध्ये माती गेली आहे, ते पुढच्या फेरीआधी उघडावं लागेल. माझी सायकल रात्री गिरणीतच, पट्ट्याच्या मागे उभी असते. बुधवारी सकाळी पहिलं दळण यायच्या आत मी ते चाक फिरवून ऐकते.